उन्हाळ्यापुरते पाणी

मे महिन्यातील पहाट. जिल्ह्याच्या गावातील एस.टी. स्थानकावर पंधरा-वीस मुलामुलींचा घोळका आपापल्या पिशव्या सांभाळीत उभा असतो. नऊ-दहापासून सोळा-सतरा वर्षांपर्यंतची ही मुले. कुणाच्या पिशवीतून ओल्या टॉवेलचे टोक डोकावते, कुणाच्या गळ्यात गॉगल लोंबत असतो, तर कुणाची आई अगदी शेवटच्या क्षणी दशम्यांचा डबा खिडकीतून आत सरकविते. क्लोरिनच्या पाण्याने केस भुरकट झालेले आणि उन्हाने चेहरे रापलेले. प्रशिक्षक हातातील कागदावरची नावे तिसऱ्यांदा मोजतात आणि गाडी सुटते. मामाच्या गावाला निघालेल्या मुलांनी गजबजलेल्या त्या स्थानकावर हा एक घोळका स्पर्धेसाठी निघाला आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

महाराष्ट्रातील ज्या शहरात बऱ्यापैकी तरणतलाव आहे, तेथे बहुधा असा एखादा संघ असतो. परीक्षा संपल्या की त्याचा उन्हाळा सुरू होतो आणि मग त्याला उसंत नसते. आधी निरनिराळ्या क्लबांच्या निमंत्रितांच्या स्पर्धा, मग जिल्ह्याची निवड चाचणी, तीतून पुढे गेलेल्यांसाठी राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि राज्याच्या संघात ज्यांचे नाव लागेल त्यांच्यासाठी दूरच्या प्रांतात भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धा. नवे गाव, नवा तलाव, नवे पाणी, असा हा क्रम चालतो. या धावपळीत मुलांच्या हाती काय लागते आणि सुटी संपल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. क्रीडापृष्ठावर पदकांची संख्या येते, विजेत्यांची छायाचित्रे येतात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः या संघांचा हिशेब वेगळ्याच आकड्याने मांडावयास हवा. यंदा पाण्यात उतरलेल्या मुलांपैकी पुढच्या उन्हाळ्यात किती मुले पाण्यात राहिली, हा तो आकडा होय. तो कुणी मांडीत नाही, आणि मांडला तर तो फारसा सुखावह निघणार नाही.

एका मिनिटासाठी एक दिवस

स्पर्धेचा एक दिवस जवळून पाहिला म्हणजे या खेळाचे स्वरूप लक्षात येते. सकाळी सहाला तलावावर पोचलेल्या मुलीची ५० मीटरची शर्यत कदाचित अकरा वाजता पुकारली जाते आणि पाऊण मिनिटाच्या आत संपूनही जाते. पुढची शर्यत दुपारी. मधल्या वेळात मंडपाच्या कनातीखाली अंग पुसून बसणे, थोडेसे खाणे, मैत्रिणीच्या नावाचा पुकारा झाला की काठावर धावत जाऊन ओरडणे, आणि पुन्हा वाट पाहणे. क्रिकेटमध्ये चुकलेल्या फलंदाजाला पुढच्या डावाची आशा असते. येथे महिनोन्महिन्यांच्या सरावाचा निकाल एका दमात लागतो. तो स्वीकारून संध्याकाळी हसतमुखाने गाडीत बसायचे, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाने शिकण्याजोगे लहानसहान शिक्षण नव्हे.

नियमही तितकेच कडक. इशाऱ्यापूर्वी उडी सुटली की स्पर्धक बाद. पूर्वीप्रमाणे दुसऱ्या संधीची सवलत आता नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत वळताना व शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. एक हात किंचित आधी लागला तरी पहिला आलेला मुलगा निकालपत्रकात कोठेच नसतो. बॅकस्ट्रोकमध्ये तर भिंत दिसतच नाही. भिंतीपासून ५ मीटर अंतरावर डोक्यावर पताकांची दोरी ताणलेली असते; ती ओलांडल्यानंतर आपले किती हात झाले म्हणजे भिंत येते, हे ज्याचे त्याने मोजून ठेवायचे. उघड्या तलावात वर छपराची रेघ नसते आणि डोळ्यांवर मे महिन्याचे ऊन असते. अशा स्थितीत सरळ जाणे आणि न घाबरता भिंतीवर हात टाकणे, यासाठी आपल्याच मोजणीवर विश्वास ठेवावा लागतो. परीक्षेच्या गुणांसाठी सदैव दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या मुलाला असा स्वतःवरचा विश्वास अन्यत्र सहजासहजी मिळत नाही.

मोजमापाच्या बाबतीत हा खेळ निष्ठुर आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मिश्र शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा अवघ्या दोन सहस्रांश सेकंदांनी पुढे ठरला. तेवढ्या वेळात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो. तलावाच्या भिंतीदेखील इतक्या अचूक बांधता येत नाहीत, हे लक्षात घेऊन पुढे शतांशाच्या पलीकडे निकाल लावावयाचा नाही असे ठरले. शतांश मात्र कायम राहिला, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेतही एखाद्या मुलाचे राज्य पातळीवर जाणे किंवा न जाणे त्या शतांशावर ठरते.

चौथ्याचे महत्त्व

पोहणे हा एकट्याचा खेळ, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. रिले शर्यतीत चार जण लागतात. आधीच्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पुढच्याचे पाय ओट्यावरून सुटले, तर चौघेही बाद होतात. लहान गावाच्या संघात तीन मुले चांगली असतात आणि चौथा कसाबसा मिळालेला असतो. त्या चौथ्याला एरवी पदकाची आशा नसते. उपान्त्य फेरीतही तो क्वचितच पोचतो. तथापि रिलेच्या दिवशी त्याच्यावाचून गावाचा संघच उभा राहू शकत नाही. ज्या संध्याकाळी त्या चौथ्याने आपली वेळ दोन सेकंदांनी सुधारलेली असते, त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत सर्वांत मोठा आवाज त्याचाच असतो. पदकाच्या यादीत ही गोष्ट शोधून सापडणार नाही. संघ म्हणून काही उभे राहते ते मात्र अशा गोष्टींवरच.

या संघामागे आणखी एक संघ असतो, तो पालकांचा. कुणी पहाटे चारला उठून पोळ्या लाटते, कुणी कचेरीत अर्धी रजा टाकून तलावाकाठी स्टॉपवॉच धरून उभे राहते, कुणी मुलांची जन्मदाखल्याची कागदपत्रे फायलीत लावून निवड समितीपुढे नेते. अमेरिकेत वस्तीवस्तीच्या तलावांचे उन्हाळी संघ असेच आईवडिलांच्या स्वयंसेवेवर चालतात. काही आठवडे शेजारच्या वस्तीशी लढती, आणि वेळ नोंदविण्यापासून खाऊ वाटण्यापर्यंत सगळी कामे घरच्या माणसांची. जगातील सर्वश्रेष्ठ जलतरणपटूंत गणली जाणारी केटी लेडेकी सहाव्या वर्षी वॉशिंग्टनजवळच्या अशाच एका उन्हाळी संघात पोहू लागली. २०१२ मध्ये लंडन येथे, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने ८०० मीटर मुक्तशैलीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि बारा वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिस येथे, त्याच शर्यतीचे सलग चौथे सुवर्णपदक मिळविले. लहानशा उन्हाळी संघातून इतके मोठे काही निघू शकते, ते त्या संघातील उन्हाळा संपल्यावरही पाण्याची वाट बंद होत नाही म्हणून. आपल्याकडील अडचण नेमकी येथेच आहे.

टंचाईतला तलाव

आपल्याकडे पोहण्याचा हंगाम आणि पाण्याच्या टंचाईचा हंगाम एकच. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अडीचशे टँकर. हा आकडा ऐकल्यावर हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात राग येणे स्वाभाविक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच उन्हाळ्यात ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. अशा काळात पालिकेचा तलाव बंद करा अशी मागणी झाली, तर तिला केवळ खेळाचा द्वेष म्हणता येणार नाही.

परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. तलावातील पाणी रोज बदलले जात नाही. गाळणयंत्रातून ते पुनःपुन्हा फिरविले जाते आणि त्यात जंतुनाशक मिसळले जाते. रोजचा तोटा होतो तो मुख्यतः बाष्पीभवनाचा आणि गाळणी धुण्याचा. एवढ्या मोठ्या तलावातील पाणी दिवसाला एक सेंटिमीटर आटले, तर साडेबारा हजार लिटरची घट येते. म्हणजे सव्वा टँकर. आडोसा नीट ठेवला, गळती वेळेवर बुजविली आणि रात्री पाण्यावर आच्छादन पसरले तर ती आणखी कमी करता येते. तात्पर्य, प्रश्न तलाव भरण्यापेक्षा तो नीट राखण्याचा अधिक आहे. निगा न राखलेला तलाव टंचाई नसलेल्या वर्षीही बंदच असतो, आणि तो बंद असल्याचे संघाला बहुधा ऐन स्पर्धेच्या तोंडावर कळते.

पदकांची घाई

अडचणी काही बाहेरच्याच नाहीत. संघाच्या आत जन्मलेली एक अडचण त्याहून मोठी आहे. ती म्हणजे पदकांची घाई. बारा वर्षांची दोन मुले शेजारच्या मार्गिकांत उभी राहिली, की त्यांपैकी एकाला मिसरूड फुटू लागलेली असते आणि दुसरा अजून बालकच असतो. पहिला सहज जिंकतो. त्याच्या घरी पदके टांगण्यास जागा पुरत नाही आणि पुढच्या ऑलिंपिकची भाषा सुरू होते. दोनतीन वर्षांत दुसऱ्याची उंची वाढते, त्याचे हात लांब होतात आणि तो बरोबरीला येतो. मग आजवर न हरलेल्या मुलाला हरण्याची सवय नसल्यामुळे पाण्याचाच कंटाळा येऊ लागतो. आणि तो दुसरा? त्याला बाराव्या वर्षीच ‘याच्यात दम नाही’ असे कुणी सांगून टाकले असेल, तर तो तोवर खेळ सोडून गेलेला असतो. अशा रीतीने एकाच घाईपायी दोन्ही मुले हातची जातात.

पाण्याचे शास्त्रही या घाईच्या विरुद्ध आहे. पोहण्याचा वेग दुप्पट करावयाचा तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो. त्यामुळे नुसत्या जोरावर मिळविलेली प्रगती लवकरच अडते. पुढची वाट शरीराची ठेवण, हाताची ओढ, श्वासाची वेळ यांच्या संथ सुधारणेतूनच जाते. ही सुधारणा सरावात होते. दर आठवड्याला स्पर्धा असली की प्रवासात दोन दिवस, थकव्यात एक दिवस आणि पुढच्या शर्यतीसाठी अंग राखण्यात दोन दिवस जातात. शिकण्याला दिवसच उरत नाही. म्हणून स्पर्धांनी गच्च भरलेला उन्हाळा पाहून हुरळून जाण्यापूर्वी त्यातील शिकण्याचे दिवस किती, हे प्रशिक्षकाला विचारले पाहिजे. बहुतेक प्रशिक्षकांना हे ठाऊक असते. पण पालकांना पदक हवे असते, क्लबला बातमी हवी असते आणि अनेक ठिकाणी कंत्राटावर नेमलेल्या प्रशिक्षकाला पुढच्या वर्षीची नेमणूक हवी असते. अशा स्थितीत त्याने धीर धरावा कसा?

जून उजाडतो तेव्हा

जूनच्या मध्यास शाळा भरतात आणि चित्र एकाएकी पालटते. एप्रिलमध्ये ज्या तलावावर प्रवेशासाठी रांगा होत्या, तेथे आता पहाटेच्या वेळी आठ-दहा डोकी दिसतात. विशेष म्हणजे राष्ट्रीय वयोगट स्पर्धा बहुधा पावसाळ्याच्या तोंडी किंवा ऐन पावसाळ्यात भरतात आणि शालेय स्पर्धांचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो. म्हणजे खऱ्या कसोटीची वेळ येते तेव्हाच आपली बहुसंख्य मुले कोरडी झालेली असतात. पहाटे साडेपाच ते सात तलाव, साडेसातला शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी पुन्हा तलाव, रात्री गृहपाठ, असे वेळापत्रक ज्या घरी सांभाळता येते त्या घरची मुले टिकतात. ज्या घरी वडील पाळीवर जातात आणि आईला धाकटे मूल सांभाळावयाचे असते, तेथे मुलाला तलावावर सोडावयाचे कुणी?

नववीत मूल गेले की हा ताण विकोपाला जातो. ‘यंदा बंद, दहावीनंतर पाहू’ असे ठरते. दहावीनंतर अकरावीचा प्रवेश, मग बारावी, मग आणखी काही. खेळाडूंना दहावी-बारावीस सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, ही धोरणे चांगल्या हेतूने आखलेली आहेत. परंतु त्यांचा एक अनिष्ट परिणामही दिसतो. प्रमाणपत्र पदरात पडेपर्यंत पोहावयाचे आणि ते पडले की गॉगल माळ्यावर टाकावयाचा, अशी वृत्ती त्यातून बळावते. खेळ हे गुण मिळविण्याचे साधन झाले की साधनाची गरज संपल्यावर ते फेकले जाणारच.

मुलींच्या वाट्याला याहून अधिक येते. बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्या पोशाखाविषयी कुजबुज सुरू होते, मासिक पाळीच्या दिवसांत काय करावयाचे हे तिला कुणी धड सांगत नाही आणि अनेक तलावांवर कपडे बदलण्याची सोयही नीट नसते. ‘उन्हात काळी पडली तर पुढे कसे होणार’ हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतही अजून ऐकू येते. जिने शंभर मीटरमध्ये मुलांनाही मागे टाकले, तिला घरच्या एका वाक्याने काठावर बसविले जाते. वयोगटागणिक मुलींच्या शर्यतींतील नावे कमी होत जाताना दिसतात, त्यामागे ताकदीची उणीव क्वचितच असते.

आरती आणि वीरधवल

पाण्यात टिकून राहिल्याने काय होते, याची साक्ष आपल्याच देशात आहे. कलकत्त्याची आरती साहा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती. तेथे २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीपुढे तिला जाता आले नाही. लौकिक अर्थाने ते अपयशच. परंतु तिने पाणी सोडले नाही. १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी ओलांडण्याचा तिचा पहिला प्रयत्न प्रवाहामुळे अपुरा राहिला. महिनाभरात, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, तिने सोळा तासांहून अधिक काळ पोहून ती खाडी ओलांडली. तो पराक्रम करणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली. तेव्हा तिने नुकतेच एकोणिसावे वर्ष पुरे केले होते. अकराव्या वर्षीच्या पराभवाने तिचे मोल ठरविले असते तर काय हाती आले असते? हेलसिंकी आणि ती खाडी यांच्यामध्ये सात वर्षांचा सराव होता. आरतीचे खरे चरित्र त्या वर्षांतच घडले.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील, कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे. सोळाव्या वर्षी, २००८ मध्ये, ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले. त्यासाठी घर सोडून बंगळुरूला सराव करावा लागला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक पटकाविले. १९८६ मध्ये सोल येथे खजानसिंग यांनी मिळविलेल्या रौप्यपदकानंतर भारताला आशियाई जलतरणात मिळालेले ते पहिलेच पदक, म्हणजे मध्ये चोवीस वर्षांची पोकळी. पुढे खाडे राज्य शासनात तहसीलदार झाले आणि नोकरीमुळे काही वर्षे त्यांना नियमित सरावापासून दूर राहावे लागले. तरीही ते परतले आणि २०१८ मध्ये जकार्ता येथे ५० मीटर मुक्तशैलीत चौथे आले. तिसऱ्याची वेळ २२.४६ सेकंद, खाडे यांची २२.४७. त्या वेगाने शतांश सेकंदात पोहणारा दोन सेंटिमीटरच्या आसपास पुढे जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. पाण्यापासून दूर गेलेल्या वर्षांची किंमत किती, याचा इतका स्पष्ट हिशेब क्वचितच मिळतो. राज्याने गुणी खेळाडूला नोकरी दिली हे उचितच झाले. नोकरीबरोबर सरावाची वेळ देणेही तितकेच उचित झाले असते.

पदकापलीकडे

यावर उपाय फार खर्चाचे आहेत असे नाही. वर्षातील दोन महिन्यांत स्पर्धांची गर्दी करण्यापेक्षा जवळपासच्या दोनतीन तलावांनी मिळून दर महिन्यास एक रविवार मैत्रीच्या शर्यती भरविल्या, तर मुलांना वर्षभर धागा मिळेल आणि प्रवासखर्चही वाचेल. पदकांच्या जोडीने प्रत्येक मुलाची स्वतःची उत्तम वेळ नोंदविणारी एक साधी वही तलावावर ठेवता येईल. शेवटच्या मार्गिकेतील मुलालाही आपण कालच्यापेक्षा पुढे आहोत हे त्यातून दिसेल. शाळांनी आठवड्यातून दोन दिवस अशा मुलांना पहिल्या तासाची सवलत दिली तर शिक्षणाचे आकाश कोसळणार नाही. पालिकांनी पहाटेचा एक तास बारा महिने संघासाठी राखला आणि प्रशिक्षकास तीन वर्षांची तरी शाश्वती दिली, तर पदकांची घाई आपोआप कमी होईल.

आणि पोहणे ही चैन आहे काय, हा प्रश्न तर कायमचा निकालात काढला पाहिजे. एके काळी खेड्यातील मुलगा पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरत असे आणि चार दिवस गटांगळ्या खाऊन पाचव्या दिवशी तरू लागे. आता अनेक विहिरी आटल्या किंवा बुजल्या, नद्या गावाजवळ अंग बुडविण्याच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. पण शेततळी आली, खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचले, आणि दर उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या याच पानांच्या आगेमागे छापून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाच्या जागृतीसाठी जाहीर केला. ज्या गावात वीस मुले शर्यतीत पोहतात आणि बाकीच्या हजारो मुलांना पाण्यावर तरंगताही येत नाही, त्या गावाचे पोहणे अपुरेच म्हटले पाहिजे. संघातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली धाकट्यांना तरंगावयास शिकविले, तर दोन्ही हेतू साधतील. शिकविणाऱ्याला पाण्यात राहण्याचे कारण मिळेल आणि शिकणाऱ्याचा जीव कदाचित वाचेल.

जुलैतील पावसाळी सकाळी जिल्ह्याच्या त्या तलावावर गेले तर मे महिन्यातील गजबज कोठेच नसते. पाण्यावर थेंबांची जाळी उमटत असते आणि तीन-चार मुले निमूटपणे फेऱ्या मारीत असतात. त्यांपैकी एक तो चौथा असेल, तर पुढच्या वर्षी गावाची रिले उभी राहील. तो नसेल, तर यंदाची सगळी पदके कपाटात असूनही पुढच्या मे महिन्यात प्रशिक्षकाला एस.टी. स्थानकावर पुन्हा नव्याने नावे मोजावी लागतील.